मेळ्याचा म्होरक्या



आजचा विषय गाण्याचा आहे आणि बोलणारा मनुष्य गवई नाही, हे प्रथमच सांगून टाकतो. मी कामगार संघटनेचा कार्यकर्ता. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि मोर्च्यांत झाले. परंतु शे-दोनशे माणसांना एका वेळी एका शब्दावर आणण्याचे काम मी तीस वर्षे करीत आलो आहे. घोषणा असो की गाणे असो, ते काम दिसते तितके सोपे नाही. म्हणून महाराष्ट्रातील समूहगानाचा, आणि विशेषतः तरुणांच्या मेळ्यापुढे जो उभा राहतो त्या म्होरक्याचा इतिहास आज आपणांपुढे मांडावा, असा विचार आहे.

आपल्याकडे अशी समजूत आहे की, आपले संगीत एकट्याचे. बुवा बैठकीत बसतात, मागे तंबोरे लागतात आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या. अनेकांनी मिळून गाणे आणि त्यांच्यापुढे एकाने हात हलवीत उभे राहणे ही पाश्चात्त्यांची रीत, असे सुशिक्षित मंडळीही म्हणतात. यात थोडे तथ्य आहे. वेगवेगळ्या पट्टीचे आवाज एकमेकांवर रचून गाण्याची विद्या युरोपात वाढली. आपल्या शेजारी गोव्यात ती पोर्तुगीजांबरोबर आली. तेथील चर्चच्या शाळांतून मुले स्वरलेखन वाचायला, मिळून गायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकत. त्या शाळांतून तयार झालेल्या गोवेकर वादकांनी पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताला मोठा हात दिला. हे सर्व खरे. पण म्हणून मिळून गाणे आपल्याला परके होते, असे मात्र नाही.

आषाढीच्या वारीकडे पाहा. प्रत्येक दिंडीत एक विणेकरी असतो, पखवाजी असतो, आणि दोन्ही बाजूंना टाळकरी असतात. विणेकरी इतरांपेक्षा मोठ्याने गात नाही. तो अभंग धरून ठेवतो, एवढेच. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लावली. त्या सोहळ्यात मुक्कामाच्या ठिकाणी समाजआरती होते. साऱ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळमृदंगांचा गजर टिपेला पोहोचतो, आणि चोपदार आपला दंड वर करतो. क्षणात हजारो टाळ थांबतात. परंतु ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती दिंडी टाळ वाजवणे थांबवीत नाही. मग चोपदार त्या आवाजाच्या दिशेने जातो, तक्रार ऐकतो, तिचा निकाल लागतो, आणि नंतरच आरती होते.

मंडळी, पाश्चात्त्य संचालकाच्या हातात छडी असते आणि आपल्या चोपदाराच्या हातात दंड असतो. फरक पाहावयाचा तो पुढे. सर्वांना थांबवून जो टाळ अजून वाजतो आहे त्याच्याकडे चालत जायचे, हा चोपदाराच्या कामाचाच भाग आहे. मला म्होरक्याच्या कामाची याहून चांगली व्याख्या सापडलेली नाही. म्हणून पुढचा इतिहास सांगताना मी तीनच प्रश्न विचारणार आहे. मेळ्यात कोणाला घेतले? त्यांच्याकडून काय गाऊन घेतले? आणि गाणारांचे ऐकले कोणी?

तरुणांना निवडून, तालीम देऊन, एकसारखा पोशाख घालून रस्त्यावर गायला नेण्याची पद्धत आपल्याकडे गणेशोत्सवाने रूढ केली. १८९३ नंतर सार्वजनिक गणपती बसू लागले आणि पाठोपाठ मेळे निघाले. शाळा-महाविद्यालयांतली मुले आधी काही आठवडे तालीम करीत. पदे नवी रचलेली असत आणि चाली लोकांच्या ओठावरच्या असत. पुढे सरकारला या पदांचे भय वाटू लागले आणि ती आगाऊ पोलिसांना दाखवण्याची सक्ती झाली. गाण्यांच्या वहीला सरकार भ्याले, ही गोष्ट समूहगानाची ताकद सांगायला पुरेशी आहे.

या बाबतीत आपल्या नाशिकचे नाव इतिहासात ठळक आहे. १९०० च्या सुमारास सावरकर बंधूंनी नाशकात मित्रमेळा काढला. त्याचे कवी गोविंद त्र्यंबक दरेकर, म्हणजेच कवी गोविंद, पायांनी अधू होते. त्यांना मिरवणुकीबरोबर चालता येणे शक्य नव्हते. चालणारी मुले त्यांची पदे गात गेली. ही पदे छापून प्रसिद्ध केल्याबद्दल बाबाराव सावरकरांना १९०९ साली जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. गाणी छापली म्हणून जन्मठेप! आज शाळेच्या स्नेहसंमेलनात समूहगीत बसवणाऱ्या शिक्षकाला ही गोष्ट माहीत असायला हवी.

परंतु इतिहास सांगताना एकच बाजू सांगून भागत नाही. आरंभीच्या मेळ्यांच्या कित्येक पदांत दुसऱ्या धर्माच्या लोकांविषयी आणि सुधारकांविषयी कडवटपणा होता. पुढे १९२० नंतर पुण्यात ब्राह्मणेतर चळवळीने छत्रपती मेळा उभा केला. केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर हे त्या बाजूचे पुढारी. मग दोन्हीकडचे मेळे एकमेकांवर तुटून पडू लागले. बारा-चौदा वर्षांच्या मुलाच्या तोंडी जे द्यावे ते तो प्राणपणाने म्हणतो. शब्दांची जबाबदारी त्याची नसते. ती मेळा बसवणाऱ्याची असते. दुसरा प्रश्न मी विचारतो तो यासाठी.

मेळ्यात जोर होता, पण सूर सांभाळण्याची शिस्त बेताची होती. ती शिस्त आणण्याचे मोठे काम विष्णु दिगंबर पलुसकरांनी केले. कुरुंदवाडचा हा मुलगा. दारूकामात डोळ्यांना इजा झाली म्हणून शिक्षण सुटले आणि तो मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकला. १९०१ साली पलुसकरांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले आणि पुढे मुंबईस त्याची शाखा आणली. गुरूच्या घरी वर्षानुवर्षे राहिल्यावर मिळायची ती विद्या त्यांनी वर्ग भरवून, फी घेऊन, पुस्तके आणि स्वरलिपी छापून सामान्य घरच्या मुलामुलींपुढे ठेवली. एका वर्गातल्या सगळ्यांनी एकच चीज एकाच वेळी म्हणायची, हे आज आपल्याला साधे वाटते. त्या काळी ते धाडस होते. उतारवयात पलुसकर नाशकात पंचवटीत रामनाम-आधाराश्रम स्थापून राहिले होते, हे आपल्या जिल्ह्याचे भाग्य.

त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे यांना मी महाराष्ट्राने देशाला दिलेला सर्वांत मोठा म्होरक्या समजतो, आणि त्यांचे नाव आज फार थोड्यांना ठाऊक आहे. गांधीजींना साबरमतीच्या आश्रमासाठी गायनशिक्षक हवा होता. पलुसकरांनी खऱ्यांना पाठवले. आश्रमात नाना प्रांतांचे, नाना जातींचे लोक होते. कोणाला सूर होता, कोणाला मुळीच नव्हता. तेथे गळ्याची परीक्षा घेऊन कोणाला वगळणे शक्यच नव्हते, कारण प्रार्थना सर्वांची होती. अशा माणसांकडून खरे रोज सकाळ-संध्याकाळ गाऊन घेत. आश्रमाची भजनावली त्यांनीच सिद्ध केली. १२ मार्च १९३० रोजी गांधीजी दांडीला निघाले तेव्हा त्यांच्याबरोबरच्या निवडक पदयात्रींत पंडित खरे होते. मिठाच्या सत्याग्रहात गायनशिक्षकाचे काय काम, असे कोणी विचारील. ज्याने मैलोगणती पायी माणसे नेली आहेत, तो हा प्रश्न विचारणार नाही. पाय दमतात तेव्हा गाणे त्यांना पुढे नेते.

त्याच मार्च महिन्यात, २ तारखेला, नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली आणि दिंडोरी तालुक्याचे सुपुत्र दादासाहेब गायकवाड यांच्या खांद्यावर चाललेला हा लढा पुढे काही वर्षे चालला. या चळवळीतून आपल्याच जिल्ह्यात आंबेडकरी जलसा फोफावला. भीमराव कर्डक हे त्यातले मोठे नाव. सत्यशोधक जलशांनी वाट दाखवलेली होतीच. कर्डकांसारख्यांनी तमाशाचा साचा घेतला, त्यातला हिणकस भाग टाकला, आणि सभेला न येणाऱ्या, वर्तमानपत्र न वाचणाऱ्या माणसाला गाण्यातून चळवळ समजावून दिली. ज्यांना देवळाच्या पायरीवर येऊ देत नव्हते त्यांना कोणत्या मेळ्यात घेतले असते? म्हणून त्यांनी आपला मेळा आपण उभा केला. पहिल्या प्रश्नाचे हे इतिहासाने दिलेले उत्तर आहे. निवडणारे ज्यांना वगळतात ते कायमचे गप्प बसत नाहीत.

कामगारांचेही तेच झाले. मुंबईच्या गिरणगावात १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. अमर शेख बार्शीकडचे. शाहीर एक कडवे टाकतो आणि मागचे साथीदार ते उचलून धरतात, ही आपली जुनी पोवाड्याची रीत. तिच्यात झीलकरी दुय्यम असतो असे दिसते, पण झील ढिली पडली की शाहीर कितीही मोठा असो, पोवाडा बसतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ही झील साऱ्या महाराष्ट्राने धरली.

तरुण मुलांपुरते बोलायचे तर राष्ट्र सेवा दलाचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येणार नाही. १९४१ साली एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. शाखेवर मुलामुलींनी एकत्र येऊन गाणी म्हणणे हा तेथला रोजचा पाठ होता. साने गुरुजींची गाणी त्या शाखांतून घरोघर गेली. पुढे कलापथक निघाले. वसंत बापट, लीलाधर हेगडे, सुधा वर्दे, निळू फुले, राम नगरकर ही माणसे त्या पथकातली. सुशिक्षित घरच्या मुलींनी मुलांच्या बरोबरीने रंगमंचावर उभे राहून गावोगाव गावे, ही गोष्ट समाजाला पचवायला त्या काळी सोपी नव्हती. ती पचली, याचे श्रेय भाषणांपेक्षा त्या गाण्यांना अधिक आहे.

स्वातंत्र्यानंतर युरोपच्या धर्तीचे, वेगवेगळ्या पट्टीत गाणारे वृंदही आपल्याकडे निघाले. मुंबईत सलील चौधरींनी युथ कॉयर उभा केला आणि कलकत्त्यात रुमा गुहा ठाकुरतांनी. मद्रासेत एम. बी. श्रीनिवासन यांनी तेच केले. श्रीनिवासन यांच्याविषयी मला विशेष आपुलकी वाटते. ते चित्रपटांचे संगीतकार होते, आणि त्यांनीच तेथील चित्रपटसृष्टीतल्या वादकांची कामगार संघटना बांधली. पडद्यावर नाव न येणाऱ्या व्हायोलिनवाल्याला ठरलेली मजुरी वेळेवर मिळावी म्हणून झगडणारा हा मनुष्य, आकाशवाणीच्या सामुदायिक गायनाच्या उपक्रमातून हजारो मुलांना देशाच्या निरनिराळ्या भाषांतली गाणी एकत्र गायला शिकवीत होता. ही दोन कामे मला निराळी वाटत नाहीत.

आता जवळच्या गोष्टीकडे येतो. अमेरिकेत अशी पद्धत आहे की, अनेक शाळांतून परीक्षा घेऊन उत्तम गळ्याची मुले निवडायची, त्यांना काही दिवस एकत्र ठेवायचे, बाहेरचा संचालक बोलवायचा आणि शेवटी जाहीर कार्यक्रम करायचा. अशा वृंदात निवड होणे हा मुलांना मोठा मान वाटतो. काही वर्षांपूर्वी कळवणात १ मेच्या कार्यक्रमासाठी तालुक्यातल्या शाळांतून असाच चाळीस मुलामुलींचा वृंद करण्याचे ठरले. मोर्च्यात गाणी म्हणून घेणारा म्हणून ते काम माझ्याकडे आले.

निवडीच्या दिवशी पेटी मांडली होती. एकेक मूल पुढे येई, पेटीच्या सुरात चार ओळी म्हणे आणि परीक्षक गुण लिहीत. गावातल्या शाळांची, शिकवणीला जाणारी मुले सहज पार पडली. आश्रमशाळांची, पाड्यांवरून आलेली मुले एकामागून एक गळाली. त्यांनी कधी पेटीबरोबर गायलेले नव्हते, आणि कधी एकट्याने गायलेले नव्हते. शिवाय त्यांचे उच्चार शुद्ध नाहीत, असेही संयोजकांपैकी एकाचे म्हणणे पडले. आता आपला तालुका कोणाचा आहे हे आपण जाणता. येथे अर्ध्याहून अधिक वस्ती आदिवासींची. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात पावरीच्या सुरावर, रिंगण धरून, रात्र रात्र गाणारी आणि नाचणारी ही माणसे. मिळून गाण्याची परंपरा या तालुक्यात कोणाकडे असेल तर ती यांच्याकडे. आणि तीच मुले समूहगानाच्या परीक्षेत नापास!

मी परीक्षकांना एवढेच म्हटले की, गाणे मिळून गायचे आहे तर परीक्षाही मिळूनच घेऊ. दहा-दहा मुले एकत्र उभी केली. एका मुलाचे आजोबा थाळावर कथा गाणारे होते. काशाच्या थाळीवर मेणाने काडी बसवायची आणि बोटांनी ती ओढीत राहायची. त्यातून भुंग्यासारखा अखंड सूर निघतो. तो थाळ मागवला, पेटी बाजूला ठेवली. त्या सुरावर पाड्यांवरची मुले अशी गायली की परीक्षकांनी पेन्सिली खाली ठेवल्या. चाळीसांत सतरा मुले आश्रमशाळांची आली. कोणाला दयेपोटी घेतले नाही. जे अंगी होते ते दिसेल अशी परीक्षा घेतली, इतकेच.

पुढे तीन आठवडे, उन्हाचा ताव टाळून, सकाळी सातला तालीम चाले. त्यात जे कळले ते थोडक्यात सांगतो. पहिली गोष्ट श्वासाची. हात खाली येतो तेव्हा गाणे सुरू होते, असे बघणाऱ्याला वाटते. वस्तुतः ते हात वर जातो तेव्हाच सुरू झालेले असते. मी छाती भरून श्वास घेतला की चाळीस मुले श्वास घेतात, आणि तो एकत्र घेतला गेला तर पहिला शब्द एकत्र पडतो. लांब ओळ आली की सर्वांनी एकाच जागी श्वास तोडायचा नाही. शेजारणीचा श्वास संपला तर आपण सूर धरायचा, आपला संपला तर ती धरील. बाजार समितीत गोणी उचलणाऱ्या हमालांना हे सांगावे लागत नाही.

दुसरी गोष्ट मोठ्या आवाजाची. प्रत्येक मेळ्यात दोन-तीन गळे असे असतात की ते इतरांना झाकून टाकतात. त्यांना गप्प केले तर ती मुले खट्टू होतात. त्यांना मधोमध उभे करून, दोन्ही बाजूंचा आवाज कानी येईल एवढेच गा, असे सांगितले की काम होते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचे आवाज फुटत असतात. सकाळी असलेला गळा संध्याकाळी नसतो. त्यांना काढून टाकण्याची पद्धत आहे. आम्ही त्यांना खालचा सूर धरायला दिला, आणि ज्यांना तेही झेपेना त्यांच्या हाती ढोल दिला. उच्चारांचे म्हणाल तर एक गाणे प्रमाण मराठीत घेतले आणि एक कोकणी बोलीतले घेतले. दुसऱ्या गाण्याच्या तालमीत गावातली मुले अडखळू लागली आणि पाड्यांवरची मुले त्यांना शिकवू लागली. त्या दिवसापासून डब्याच्या वेळी दोन कोंडाळी बसत होती ती एक झाली.

म्होरक्याच्या कामातली सर्वांत कठीण गोष्ट थांबवण्याची. माणसांना आवाज करायला लावणे सोपे. भरात आलेल्या समूहाने एका क्षणी निःशब्द होणे, ही शिस्त लागायला मोठा विश्वास लागतो. याचे मोठे उदाहरण आपण सर्वांनी पाहिले आहे. ६ मार्च २०१८ रोजी किसान सभेच्या झेंड्याखाली शेतकऱ्यांचा पायी मोर्चा नाशकाहून मुंबईस निघाला. वनजमिनीचे हक्क आणि कर्जमाफी या त्यातल्या मुख्य मागण्या. सुरगाणा, कळवण, दिंडोरी, पेठ या भागांतील आदिवासी स्त्रीपुरुष त्यात हजारोंनी होते. सुमारे १८० किलोमीटरच्या वाटेत गाणी झाली, नाच झाले, घोषणा झाल्या. ११ मार्चला मोर्चा मुंबईत सोमय्या मैदानावर पोहोचला. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. सकाळी रस्ते अडले तर मुंबईच्या मुलांची परीक्षा चुकेल, म्हणून पायांना फोड आलेली ही माणसे विश्रांती न घेता मध्यरात्रीनंतर उठली आणि घोषणा न देता, वाद्ये न वाजवता, आझाद मैदानापर्यंत चालत गेली. १२ मार्चच्या सकाळी मुंबई जागी झाली तेव्हा ती मैदानात बसलेली होती. तारीख योगायोगाने दांडीयात्रेचीच.

दुसऱ्यांच्या मुलांसाठी गप्प राहून चाललेली ती हजारो माणसे माझ्या दृष्टीने या इतिहासातला सर्वांत शिस्तीचा मेळा होय. तेथे छडी नव्हती आणि दंडही नव्हता. एकमेकांचे ऐकण्याची सवय होती. ती एका रात्रीत लागलेली नव्हती. वर्षानुवर्षांच्या रिंगणातून, सभांतून आणि गाण्यांतून लागलेली होती.

मंडळी, आपल्या गावात पुढेही मुलांचे वृंद होतील, स्पर्धा होतील, निवडी होतील. उत्तम ते निवडावे, याला माझा विरोध नाही. तयारीवाचून समूहगान म्हणजे गोंगाट. माझे मागणे एवढेच आहे की, निवड करताना परीक्षेचा सूर कोणाच्या घरचा आहे हे पाहावे, मुलांच्या तोंडी शब्द देताना ते उद्या त्यांना मिरवता येतील असे द्यावे, आणि सगळे टाळ थांबल्यावर एखादा वाजत राहिला तर तो बेशिस्त समजून बंद करण्याआधी त्याच्यापर्यंत चालत जावे. थाळावर कथा गाणारी म्हातारी माणसे आपल्या तालुक्यात अजून आहेत. शाळांनी त्यांना वर्षातून एक दिवस सन्मानाने बोलवावे, मुलांना त्यांच्याजवळ बसवावे. हे काम या सभेतल्या शिक्षकांनी आणि पालकांनी मनावर घेतले तर येत्या जूनपासून सुरू होऊ शकेल.